लांबुळका चौकोन

बायको हातमागावर विणायला शिकतेय. लेकीच्या पलंगासाठी पहिलीच चादर करायची आहे, पण चादर अजून सुरूच नाही. आधी वीतभर नमुना विणला, धुतला, वाळवला, आणि आता तो खिडकीच्या उजेडात धरून बसली आहे. मी असतो तर एव्हाना अर्धी चादर विणून उसवूनही झाली असती.

माग अरुंद आहे, म्हणून दोन पट्ट्या विणून मधोमध शिवायच्या. दोन्हीकडचे निळे-पांढरे चौकोन तिथे जुळायला हवेत.

नमुन्यातला एक चौकोन मात्र लांबुळका झाला होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे तुम्ही चहाचं विचारायला आला होतात. माझा हात सैल पडला."

इतकी वर्षं मी या घरात बोलतोय. ते असं कुठे उमटत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. हिला ते बोटाला लागतं!

"मग विणताना मी बोलूच नको?"

"बोला की," ती नमुन्याची घडी घालत म्हणाली. "फक्त दुसऱ्या पट्टीच्या वेळी त्याच जागी या, आणि तेवढंच बोला."