पलंगाखालचा पाना

अंबरीश दुधाचा थेंब नखावर घेऊन बघत होता. दूधवाल्या भैयाने पाणी तर नाही घातलं, ही त्याची रोजची शंका. पोहे परतता परतता सिंधू म्हणाली, तीस वर्षांत एकदाही सापडलं नाही. म्हणूनच रोज बघतो, असं त्याचं उत्तर.

तेवढ्यात दारावर थाप पडली. अजून सातही वाजले नव्हते.

दारात जयदीप होता, ठेकेदाराचा सुपरवायझर. एका हातात फाइल, दुसऱ्यात सदर बाजारच्या पेढ्यांचा पुडा. सिंधूला आधी तो पुडाच खटकला. शहराबाहेर धावपट्टीला लागून विमानं दुरुस्त करायचं हँगर उभं राहत होतं. रेल्वेच्या पुलांवर उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला अंबरीश मालकांच्या वतीने तिथलं सगळं बघायचा, नकाशापासून बोल्टपर्यंत. आणि सात महिन्यांत जयदीप कधी घरी फिरकला नव्हता.

काम किरकोळ आहे, म्हणाला. छपर पेलणारी पहिली लोखंडी कैची जमिनीवर जोडून तयार आहे, नऊ वाजता क्रेन ती उचलणार, सरांची सही तेवढी हवी. काल सर निघाले तेव्हा बोल्ट नुसते हाताने फिरवलेले होते, पण मागाहून जयदीप आणि त्याच्या माणसांनी थांबून दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस आवळले, आवळल्याची खूण म्हणून प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. रेघा सगळ्या सारख्या, रांगोळीसारख्या.

"कशाने आवळले?" अंबरीशने विचारलं.

"आपल्याच टॉर्क पान्याने, सर. दुसरा आहे कुठे? स्टोअरमधल्या पेटीतून काढला."

सिंधूचा झारा कढईतच थांबला. बोल्टला किती जोर लागला ते मोजणारा तो पाना. त्याची पेटी स्टोअरमध्ये असायची खरी, पण रात्री रिकामी. पूर्वी एका पुलावर कुणीतरी असा पाना हातोडीसारखा वापरून, त्याचं माप बिघडवून गुपचूप जागेवर ठेवला होता. तेव्हापासून अंबरीश कुणाला न सांगता तो गाडीच्या डिकीतून घरी आणायचा, जुन्या चादरीत गुंडाळून. 'माझी सवत' म्हणायची सिंधू त्याला. आणि आज झाडताना सवत पलंगाखालीच होती, केरसुणी तिच्यावरच आपटली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. जयदीपला बसवून पोहे वाढायला सांगितले.

क्रेनवाला खोळंबेल, माणसं येऊन बसलीत, असं जयदीपचं चालू होतं. मग तो सिंधूकडे वळला, "वहिनीजी, तुम्हीच सांगा ना सरांना."

"त्या छपराखाली किती माणसं काम करणार, भैया?" तिने बशी पुढे करत विचारलं.

"असतील तीस-चाळीस."

अंबरीश आत गेला. चादरीची गुंडाळी घेऊन बाहेर आला आणि ती फाइलवर ठेवून उलगडली. जयदीपचा घास तोंडातच राहिला.

अंबरीशचा आवाज चढला नाही. "माझं एकच मागणं आहे. चल साइटवर, आणि पहिला बोल्ट तू माझ्यासमोर आवळ."