वडिलांना आवडलेला स्टँड

वडिलांना पनवेलला आणायचं मीच ठरवलं. दादरला तिसरा मजला, लिफ्ट नाही, आई गेल्यापासून एकटेच. माझ्या इमारतीला लिफ्ट, डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर, भाजी दारात. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास येतो त्या दिवशी खिडक्या लावायच्या, झालं.

त्यांना यातलं काही आवडलं नाही. आवडला तो एसटी स्टँड. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट. नाश्ता झाला की ते निघायचे. कधी पेण, कधी अलिबाग. उतरून चहा घ्यायचा आणि मिळेल त्या गाडीने परत. काय पाहिलंत विचारलं तर म्हणायचे, "खिडकी मिळाली." जेवण सुधारलं. मला वाटलं, रुळले एकदाचे.

गेल्या महिन्यात ऑफिसात फोन आला. कंडक्टर बाई होत्या, इकडच्याच कुठल्या गावच्या.

"ताई, तुमचे बाबा चिरनेरला हायेत. गाडी तासाभरानं उरणला जानार. उतरा म्हनलं तं उतरत नाय. म्हनतात, दादर आलं नाय अजून."

मी रिक्षा करून गेले. बाई त्यांना चहा पाजत होत्या. मला बघून वडील म्हणाले, "तू इकडे कुठे?"

डॉक्टरांनी तपासलं. विसरणं वाढत जाईल म्हणाले, एकटं सोडू नका. मी वडिलांना समजावलं. "बरं," म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी निघाले. मी त्यांचं फुकट प्रवासाचं कार्ड कपाटात ठेवलं. काही फरक पडला नाही, कंडक्टर त्यांना चेहऱ्याने ओळखतात. शेवटी स्टँडवरच्या साहेबांना गाठून सांगितलं, यांना गाडीत घेऊ नका.

"मॅडम, धडधाकट माणूस रांगेत उभा राहतो. चढू नका असं कुठल्या नियमाने सांगू? घरी सांभाळा ना."

घरी सांभाळायला बाई ठेवली. दोन दिवसांत तिला घेऊन ते पेणला जाऊन आले. तिला गाडी लागते. तिने काम सोडलं.

रविवारी मी दार आतून लावून किल्ली माझ्याकडे ठेवली. चपला घालून ते दारापाशी उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मग इथे आणलंस कशाला?"

मी म्हटलं, "लिफ्ट आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि तिथेच, दाराजवळच्या स्टुलावर, चपला न काढता बसून राहिले.