महालक्ष्मीच्या आराशीतले रोबो

आमच्या ह्यांना नावं ठेवायला अख्ख्या ढोकी गावाला वेळ हाय, म्हणून खरं काय ते मीच सांगते. मी निकिता, ह्यांची बायको. हे रणधीर, साखर कारखान्यावर फिटर. वय छत्तीस, झुपकेदार मिशा, बीपीची गोळी चालू, आणि घरच्या शोकेसमधी सतरा जपानी रोबो. सगळे स्वतः जोडलेले. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

हे खूळ पाचवीतलं. तवा कॉलनीत एकाच घरी केबल होती. शाळा सुटली की हे तिथं उंबऱ्यावर जाऊन बसायचे. डबिंग केलेलं जपानी कार्टून लागायचं, घराएवढाले लोखंडी रोबो आणि त्यांच्या छातीत बसून ते चालवणारी पोरं. शेवटच्या भागाला नेमकी लाईट गेली. रोबोचा हात तुटलेला, समोर दुश्मन उभा, आणि टीव्ही बंद. पुढं काय झालं ते ह्यांना आजवर कळलं न्हाय. मागच्या वर्षी मी मोबाईलवर तो भाग शोधून दिला तर बघितला न्हाय. म्हणले, त्याचा शेवट म्या कवाच ठरवलाय.

त्या वर्षी ह्यांनी काड्यापेट्या आणि तुटक्या स्लीपरचं रबर घेऊन तसाच एक रोबो केला. आमच्या घरात रीत हाय, घरच्या माणसानं हातानं केलेली वस्तू महालक्ष्मीच्या आराशीत मांडायची. मग कुणाचं विणकाम असो का कुणाची मण्यांची गाय. तो रोबोही मांडला. सासऱ्यांनी, कोंडीराम मामांनी, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून पुढं ठेवलं, 'चि. रणधीर कोंडीराम, इयत्ता पाचवी.' हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी पोराचं लई कौतुक केलं. आता मामा न्हाईत, पण तो फोटो अल्बममधी हाय.

नोकरी पक्की झाल्यावर ह्यांनी पहिला किट मागवला. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले दोन-अडीचशे बारके तुकडे, आणि जपानीत छापलेलं पुस्तक. एक अक्षर वाचता येईना, नुसती चित्रं बघून जोडला. तुकडे कापायला माझं नेलकटर घेतलं आणि त्याची धार घालवली. मी तोंडाला येईल ते बोलले. मग एका रविवारी बघितलं, नखाएवढी मूठ पॉलिश पेपरनं घासत होते, श्वास रोखून. कारखान्यात वर्षभर मोडलेलं दुरुस्त करायचं, तेही साहेब सांगतील तसं. हे तेवढं पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचं. माझा राग तिथंच गेला. तुकडे कापायची खास पक्कड मीच मागवून दिली.

आता दुखरं सांगते. आम्हाला लेकरू न्हाय. लग्नाला आठ वर्षं झाली, दवाखाने झाले. ते आमचं आम्ही बघतो. पण गाव म्हणतं, घरात पोर न्हाय आणि बाप्याच खेळण्यात रमलाय. हे ऐकत्यात आणि मान खाली घालून निघून जात्यात. उलटं बोलायची सवयच न्हाय.

यंदा हे म्हणले, तीन रोबो आराशीत ठेवू. सासूबाई, धुरपदाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या भडकल्या. लोक तोंडात शेण घालतील म्हणल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच तोड काढली. रोबो ठेवा, पण बायांनी विचारलं तर नवसाचे म्हणून सांगायचं. लेकरू व्हावं म्हणून सुनेनं लक्ष्मीपुढं खेळणी मांडलीत, असं. त्यांच्या मनात वाईट न्हवतं, त्यांना लेकाची लाज झाकायची होती. पण माझं डोकंच फिरलं. मी म्हणलं, आत्या, झाकायला माझीच कूस सापडली व्हय?

तवा हे बोलले. आवाज चढवला न्हाय.

"आई, नवसाचे म्हणून ठेवायचे असतील तर नगं. ठेवायचे तर माझे म्हणूनच."

ह्यांनी एक लग्नपत्रिका पालथी घातली, त्यावर लिहिलं, 'रणधीर कोंडीराम, वय छत्तीस, फिटर,' आणि रोबोंपुढं उभी केली. आत्यांनी त्या पाटीपुढं करंज्यांचं ताट आणून ठेवलं. पाटी झाकली.

संध्याकाळी बाया आल्या. हे कोपऱ्यात स्टुलावर चढून लाईटची माळ नीट करत होते. उमाबाई म्हणून शेजारच्या हायेत, त्यांची नजर रोबोंवर गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आवाज बारीक केला आणि आत्यांना विचारलं, नवसाचं का? सगळ्या बाया माझ्या पोटाकडं बघायला लागल्या. आत्यांनी तोंड उघडलं.

हे स्टुलावरून उतरले. करंज्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"न्हाय काकू. नवसाचं काही न्हाय. म्याच केलेत, आणि म्याच खेळतो."

मिशीवाला बाप्या वीस बायांत उभा राहून असं म्हणला. एक पोरगी फिसकन हसली. ह्यांची मान खाली गेली न्हाय. उमाबाईंनी आत्यांकडं बघितलं, म्हणजे आता म्हातारी काय म्हणती ते बघायला. आत्यांनी बाजूला ठेवलेलं ताट उचललं. मग म्हणल्या, "लहानपणापासून करतंय ते," आणि करंज्या वाटायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही महालक्ष्मी उतरवल्या. आत्यांनी रोबो पदरानं पुसून शोकेसमधी ठेवले. पुसताना एकाचा हात निखळला, तो त्यांनी कुणाला न विचारता दाबून बसवला. उलटा बसला, तळवा मागं. मी सांगणारच होते, तर ह्यांनी डोळ्यांनीच मला गप केलं.

आता तोच रोबो सगळ्यांत पुढं असतो. घरी आलेलं कुणी हसून विचारतं, फिटरच्या घरी हात उलटा कसा? हे सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगत्यात, "आईनं बसवलाय. म्या काढणार न्हाय."