रांजणातलं लिंबू

न उलगडणाऱ्या अनुभवांच्या या सदरात लोक काय काय लिहितात ते मी चवीनं वाचते आणि नाक मुरडते. सात इयत्ता शिकलेली बाई मी... घरात कुणी मीठमोहरी ओवाळायला घेतली तरी मला हसू यायचं. तरीही आज माझंच लिहायला बसले आहे.

सोलापुरात साखर पेठेत आमचं घर होतं. मागं एवढंसं अंगण, तेही सगळं शहाबादी फरशीचं. पण सासूबाईंना झाडांचा भारी सोस! घासलेटच्या डब्यात कढीलिंब, मिलमधल्या रंगाच्या फुटक्या पिंपात डाळिंब, जुन्या घमेल्यात मोगरा.

माझी थोरली कमळ जन्मली तेव्हा तिची नाळ पुरायची पंचाईत झाली.

"हितं माती कुटं हाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि आपल्या माहेरच्या रांजणात नाळ पुरून वर कागदी लिंबाचं रोप लावलं. रांजण पोटाला ऐसपैस, गळ्याला चिंचोळा.

"आत्याबाई, मोठं झाल्यावर ते निघायचं कसं?" मी त्यांना विचारलं.

"तवाचं तवा बघू की. लेकीचं झाड हाय, चांगल्या भांड्यात नको व्हय?"

कमळ चार वर्षांची असताना उन्हाळ्यात तिला घेऊन मी माहेरी मंगळवेढ्याला गेले. तिथं तिला ताप चढला... उतरेचना. वैद्यांचा काढा झाला, डॉक्टरांचं औषध झालं. पोर पाय पोटाशी घेऊन पडलेली, सरळ करायला गेलं की कण्हायची. "आई, पाय दुमडल्यात... जागा न्हाय गं." एवढ्या मोठ्या माजघरात एकटी निजलेली, आणि जागा नाही म्हणायची! सोमवारी सकाळी वैद्यांनी नुसती मान हलवली. ही माझ्या हातची जाते, एवढं एकच डोक्यात राहिलं.

त्याच दिवशी दुपारी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवता ठेवता माझा डोळा लागला. पुरती झोप नव्हे – आढ्यावर कबुतरं घुमत होती ती ऐकू येत होती. मग अगदी उशाशी मडकं फुटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ ओल्या मातीचा वास, त्यात लिंबाच्या पानांचा... डोळे उघडले तर कमळ झोपेतच पाय लांब करत होती. सावकाश, एकेक. अंगाला दरदरून घाम सुटलेला.

"आई, काय फुटलं गं?" मी हाक मारली.

आई चुलीपासून उठून आली. "कुटं काय फुटलं? समदं जागच्या जागी हाय की." मग तिनं श्वास ओढला. "लिंबाचा पाला कुणी चुरगाळला?"

पुढच्या आठवड्यात हे आम्हाला न्यायला आले. ताप आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून सोलापूरला आम्ही काही कळवलंच नव्हतं. बोलता बोलता हे आपणहून म्हणाले, "तिकडं आईनं रांजण फोडला. लिंबाची पानं गळत होती खरी, पण गेल्या सोमवारी भर दुपारी झोपेतून उठली आणि वरवंटाच घातला. आत माती दिसेना, नुसत्या मुळ्यांचं वेटोळं. आता रुंद पिंपात लावलंय."

"का फोडला म्हणाल्या?"

"त्याला पाय पसराया जागा न्हाय, म्हणाली."

घरी आल्यावर सासूबाईंना खोदून खोदून विचारलं. त्यांचं एकच, "मला काय ठावं बाई? झोपेत कुणीतरी पाय झाडत व्हतं."

सासूबाई आता नाहीत. कमळचं लग्न ठरलंय, अक्कलकोटला दिली आहे. गावाबाहेरच्या आमच्या नव्या घराला परस आहे, चांगली काळी माती. हे म्हणतात, लिंबू आता जमिनीत लाव, फोफावेल. खड्डासुद्धा खणून दिला त्यांनी. मी त्यात कढीलिंब लावून टाकला.

हे त्याला योगायोग म्हणतात. असेलही... मला उलगडा झालेला नाही, आणि आता व्हावा असंही वाटत नाही. मात्र लेक अक्कलकोटला आणि तिचं झाड माझ्या परसात, असं मला सोसायचं नाही. रुखवतात ते लिंबू पाहून व्याही हसतील, हसू देत.

परवा त्यासाठी नवं पिंप आणलं. घेण्याआधी दोन्ही हात आत घालून पाहिले, तोंड रुंद आहे ना म्हणून.