चार पायऱ्या आणि एक खांड

रोह्याच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना गणितातलं उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या: समजून घ्या, योजना आखा, सोडवा, पडताळा. त्याला तीन दिवस लागले. पहिला दिवस सत्कारात गेला. दुसऱ्या दिवशी पायऱ्या हातवाऱ्यांसकट म्हणून घेतल्या, आणि पन्नाशीच्या मुख्याध्यापकांनी त्या बालवाडीच्या उत्साहाने म्हटल्या. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक गुंडाळलेला तक्ता मिळाला. तो काखेत मारून मी गाडीने कासूला उतरलो. त्याआधी वीस वर्षं माझी मुलं उदाहरणं सोडवत होती, ती कुठल्या पायरीवर उभी राहून, कोण जाणे.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. प्रशिक्षणातले तज्ज्ञ आमच्याच शाळेत आदर्श पाठ घेणार होते आणि पालकांची उपस्थिती प्रार्थनीय होती. प्रार्थना मला दारोदार फिरून करावी लागली. शाळा खाडीकाठची, सातवीपर्यंतची. घरं बांधाआडच्या खारजमिनीतल्या भातावर आणि मिठागरांवर जगणारी. कामाच्या दिवशी कोण येणार?

एक बाई मात्र येणारच होती. ती मिठागरावर कामाला जायची. तिची मुलगी सातवीत होती आणि हिशोबात माझ्याही पुढे. तिला जूनमध्ये पेणच्या हायस्कुलात घालायचं की आपल्याबरोबर मिठागरावर न्यायचं, हे घरात ठरत नव्हतं.

"तुमी तर सगळ्यांनाच हुशार म्हनता, गुरुजी," ती मला म्हणाली. "मोठा साहेब काय बोलतो ते ऐकते, मंग ठरवते."

साहेब तासभर उशिरा जीपमधून उतरले. हार झाला, नारळ झाला, फोटो झाला. मग त्यांनी तक्ता टांगला आणि उदाहरण फळ्यावर लिहिलं. रोह्याला तेच उदाहरण भिंतीचं होतं. मधल्या काळात गणित परिसराशी जोडायचा आदेश निघाला असावा, कारण भिंत पुसून तिथे आता आमची खाडी आली होती: 'खाडीच्या बांधाला पडलेली खांड ८ मजूर १५ दिवसांत बुजवतात. १२ मजूर ती किती दिवसांत बुजवतील?'

त्यांनी नेमकं त्याच मुलीला उठवलं.

"नाय बुजनार," ती म्हणाली.

"आधी पहिली पायरी. समजून घ्या."

"समजलं, साहेब. आठ मानसांनी पंधरा दिवसांत पन नाय बुजनार. ओहोटीला टाकलेला चिखल भरतीला व्हाऊन जातो. खांड एका ओहोटीत बुजवायची. सगळा गाव लागतो."

मुलं हसली नाहीत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी बांध फुटून खांड पडली तेव्हा यातलं प्रत्येक मूल चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत रांगेत उभं होतं. त्या दिवशी माणसं कुणी मोजली नव्हती. घरात राहिला तो मोजला गेला.

साहेब हसले. "बाळ, उत्तर दहा दिवस. व्यस्त प्रमाण. तू पहिल्याच पायरीवर घसरलीस." मग पालकांकडे वळून म्हणाले, "ग्रामीण मुलांची हीच अडचण. विचाराला शिस्त नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "दहा दिवसांत शेतात मासे धरशील, बाबा." ते साहेबांपर्यंत पोचलं नाही. मी तक्त्याचं खालचं टोक धरून उभा होतो, कारण वाऱ्याने तो उडत होता. इतर काही मी केलं नाही. माझी वेतनश्रेणीची फाइल त्यांच्याच कचेरीत होती.

जीप गेल्यावर मी त्या बाईला फाटकाशी गाठलं. "मुलीचं बरोबर होतं. साहेबांचं उदाहरणच चुकलं."

"मंग तवा का नाय बोललात?"

या प्रश्नाला मी चारही पायऱ्या लावून पाहिल्या. समजून घेतानाच लाज वाटली, तेव्हा पुढे गेलो नाही.

"तिला चुकीची ठरवली ती सगळ्यांदेखत," ती म्हणाली. "बरोबर हाय ते फाटकाशी सांगून काय व्हतं? उद्या पोरांपुढं सांगा. मी खिडकीशी उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी ती खरंच येऊन उभी राहिली. मी फळ्यावरचं कालचं उदाहरण पुसलं नव्हतं. वर्गाला सांगितलं की हे भिंतीला चालतं, खांडीला चालत नाही. काल वर्गात हे या एकटीने सांगितलं, मला ठाऊक असून मी गप्प राहिलो. मग खांडीच्या जागी भिंत लिहिली आणि मुलीला उभं केलं. तिने "दहा" म्हटलं आणि खाली बसली. तेवढ्या वेळात पहिली पायरीही म्हणून झाली नसती.

खिडकीतून आवाज आला, "गो, शाळा सुटली की दाखल्याचं काय ते गुरुजींना इचारून ये. पेणला लागंल." मग माझ्याकडे वळून, "तिकडं पन असलेच साहेब असतील का, गुरुजी?"

"असतील."

"मंग तिला आधीच सांगून ठेवा," ती म्हणाली आणि मिठागराकडे गेली.