जी हुकुम

बाबांना खुर्चीवरून उठवलं, ते माझ्यादेखत.

जयपुरातल्या एका हवेलीचं हॉटेल झालंय, तिथे मी रिसेप्शनवर होते. मालक जुन्या ठाकुरांचा वंशज. जहागीर केव्हाच गेली, हॉटेल उरलं. तरी आम्ही त्याला ‘हुकुम’च म्हणायचं. सर नाही, साहेब नाही. तो आला की हातातलं काम टाकून उभं राहायचं, मान झुकवायची. त्यानं काहीही सांगितलं की, ‘जी हुकुम’. परदेशी पाहुणे कौतुकानं फोटो काढायचे.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. नोकरीत साडी ठरलेली, तसा हा शब्द ठरलेला. घरी आईनं भाजी आणायला सांगितली तरी मी ‘जी हुकुम’ म्हणायचे. आई हसायची. बाबा हसायचे नाहीत. बाबा मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेच्या नोकरीनं इकडे आलेले, रुळांवर राबून रिटायर झालेले. एकदा म्हणाले, “या शब्दाचा मतलब काय होते वं?”

“काही नाही हो बाबा. इकडची रीत आहे.”

“माहा बाप पाटलाच्या दारात जोहार घाले. तेही रीतच होती.”

मी विषय बदलला.

त्या दिवशी मी डबा विसरले. बाबा तो घेऊन हॉटेलात आले. उन्हातून चालत आलेले, घामानं निथळत होते. मीच त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणलं. तेवढ्यात मालक आला. बाबा त्याला ओळखत नव्हते. ते उठले नाहीत. सगळ्यांना करतात तसा बसूनच नमस्कार केला. “जय भीम.”

मालकानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मॅनेजरला म्हणाला, “ये कुर्सी मेहमानों की है. धुलवा देना.”

धुलवा देना. माझ्या बापाला काय चिखल लागला होता?

मॅनेजरनं बाबांना दंडाला धरून उठवलं. “ये हुकुम हैं, मालिक. माफी माँगो.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हॉटेलच्या साडीकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, “माफ करो, हुकुम.”

माझी नोकरी राहावी म्हणून म्हणाले. तो शब्द त्यांना मीच शिकवला होता, घरात, हसत हसत. अंगाची आग झाली.

“इनको बाहर छोड़ आओ,” मालक मला म्हणाला.

सवयीनं जीभ उचललीच होती. मी ती आवरली.

“नहीं. ये मेरे पिताजी हैं. पानी पीकर जाएँगे. इसी कुर्सी पर बैठकर.”

मॅनेजर ओरडला, “पता है किससे बात कर रही हो?”

“होटल के मालिक से.”

बाबा मात्र बसले नाहीत. पाणी न पिताच पायऱ्या उतरून गेले. मी त्यांच्या मागे गेले ती परत आले नाही.

घरी बाबा एवढंच बोलले, “नोकरी कायले घालवली?” मग कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला अजून काम नाही. परवा दुसऱ्या हॉटेलातून फोन आला. मी आधी विचारलं, मालकाला काय म्हणावं लागेल? तिकडून फोन ठेवला.

ठेवू दे. पुढच्यालाही पहिल्यांदा हेच विचारणार. बाबांच्या तोंडून तो शब्द माझ्यासाठी निघाला. माझ्या तोंडून तो आता कुणासाठीच निघणार नाही. घरात, गमतीतसुद्धा नाही.