इंगम्मा हितं राहत न्हाय

सोलापूरच्या फलाटावर मी उतरले ती डोळ्यांवर काळा चष्मा आणि पायांत उंच टाचांच्या चपला घालून. आणीबाणीच्या आधीचा एप्रिल होता. सकाळी आठलाच ऊन कानशिलं भाजत होतं. मी इंग्रजी घेऊन नुकतीच बी.ए. झाले होते आणि आपल्या इंग्रजीनं जगातलं कुठलंही कुलूप उघडतं, अशी माझी ठाम समजूत होती.

"बाई, शूटिंग हाय का काय?" टांगेवाल्यानं विचारलं. मला ते कौतुक वाटलं! आता आठवलं की एकटीच हसते.

पर्समध्ये तार होती. इंगा ही डेन्मार्कची मुलगी भारतात प्रथम आली तेव्हा पुण्यात आमच्या घरी राहिली होती, म्हणून तिच्या भावाकडे पत्ता आमचाच. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ, असं त्यानं कळवलं होतं. मुंबईहून उद्या रात्रीच्या विमानात जागाही ठेवली होती. तिला घेऊन यायची कामगिरी घरच्यांनी माझ्यावर टाकली आणि मी फुगले.

इंगा हातमागाचं काम शिकायला सोलापुरात आली होती. मी सांगितल्या पत्त्यावर, बायकांच्या वसतिगृहात गेले, तर तिथला पहारेकरी म्हणाला, "त्या व्हय? त्यांना जाऊन वरीस झालं. आता विणकरांच्या गल्लीत, नरसम्माकडं असत्यात."

ती गल्ली लांबूनच ऐकू येत होती. प्रत्येक घरात माग चालू. आंध्रातून पिढ्यांपूर्वी आलेली ही माणसं घरात तेलुगू बोलत, बाहेर मराठी. नरसम्माच्या पडवीत खड्डामागावर (जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर) पाय सोडून इंगा बसली होती, सुती लुगडं नेसून. तार वाचून तिनं हातातला धोटा अलगद खाली ठेवला.

"जा इंगम्मा, जा बिड्डा (लेकरा), आईकडं जा," म्हणत नरसम्मानं आमच्यापुढे कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही ठेवलं. मी चटणीला नाक मुरडत तिसरी भाकरी घेतली. इंगानं एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

देश सोडायचा तर परदेशी माणसानं नोंदणीचा दाखला पोलिसांकडे जमा करून निघायची परवानगी घ्यायची, असा नियम. कचेरीत साहेबांनी दाखला पाहिला आणि भुवई उचलली.

"पत्ता वसतिगृहाचा. बाई राहतात गल्लीत. वर्षभर कळवलं का नाही?"

वक्तृत्व स्पर्धेतल्या माझ्या आवाजात मी इंग्रजी सुरू केलं. मानवता, मातृप्रेम, दोन राष्ट्रांची मैत्री, काहीही सोडलं नाही. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"बसा. पाणी घ्या. आता मराठीत सांगा."

मराठीत इंगाच बोलली. "अख्ख्या गल्लीला माहीत आहे मी कुठं राहते. मला वाटलं, सरकारलाही असेल."

साहेबांना हसू आवरेना, पण सही काही होईना. "बाई राहत होत्या तो पत्ता खरा का, एवढं मला बघावं लागेल. हवालदार जाऊन येतील. शेजारी हो म्हणाले की ताकीद देऊन सोडतो. नाही म्हणाले, तर मग प्रकरण कोर्टात. विमान विसरा."

हवालदार सायकलवरून पुढे गेले. आम्हीही मागोमाग पोचलो असतो, पण वाटेत माझ्या चपलेची टाच निखळली. चांभार ती ठोकीपर्यंत इंगा भर उन्हात उभी होती, डोक्यावर पदरसुद्धा न घेता.

गल्लीत शिरलो तर एकही माग वाजत नव्हता. नरसम्माच्या पडवीत हवालदार बाजेवर बसले होते. इंगाच्या मागावर गादी पसरलेली आणि तिच्यावर नरसम्माचा म्हातारा घोरत होता. इतकं मोठ्यानं घोरणारा माणूस झोपलेला असूच शकत नाही.

"अशी कुनी बाई हितं राहत न्हाय," नरसम्मा सांगत होती.

"गोरी हाय हो, अम्मा. उंच. दिसली असंल की."

"मला लांबचं दिसत न्हाय."

"गोरं आमच्यात कोनच न्हाय," समोरच्या दारातून कुणीतरी भर घातली.

पोलीस माणूस शोधत आला की माणूस लपवायचा, हा त्या गल्लीचा रिवाज. आणि त्या दिवशी तोच रिवाज इंगाच्या गळ्याशी आला होता! मी पुढे झाले. "आजी, हवालदारसाहेबांना सत्य परिस्थिती कथन करा."

नरसम्मानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही कोन?"

सकाळी तिच्याच हातच्या तीन भाकऱ्या खाल्लेली मी!

"अम्मा," दारातून इंगानं हाक मारली. नरसम्मानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग लिहू का, राहत न्हाय म्हणून?" हवालदारांनी पेन काढलं.

इंगानं चौकट धरली आणि ती हळूहळू खाली बसली. चेहरा पांढराफटक. मी "डॉक्टर, डॉक्टर" ओरडत जागेवरच नाचत होते. नरसम्मा मात्र एका झेपेत तिच्यापाशी पोचली.

"उन्हात डोईवर पदर घे म्हणून किती सांगायचं तुला? सकाळची भाकरी तशीच टाकून गेलीस! असल्या पोटानं विमानात बसणार हाईस?" एका हातानं तोंडावर पाणी मारणं चालू, दुसऱ्या हातानं पदरानं वारा घालणं चालू.

हवालदारांनी पेन खाली केलं. "न वळखणाऱ्या बाईला लईच बोलता की, अम्मा."

नरसम्माचा हात थांबला. "मीच तिला राहा म्हनले. न्यायचं तर मला न्या. हिला आत टाकू नका."

"कुनाला न्यायला आलोय? तुमी व्हय म्हनला तर पोरगी आईला भेटंल. न्हाय म्हनला तर हितंच अडकंल."

"आदी सांगायचं की! व्हय! राहती! हितंच राहती!"

घोरणारा म्हातारा ताडकन उठला आणि त्यानं स्वतःच गादी गुंडाळली. मग गल्लीला कंठ फुटला. कुणी इंगाचं आंघोळीचं पाणी कुठं तापतं ते दाखवलं, कुणी तिनं बिघडवलेलं कापड आणून पसरलं. हवालदार कळवळून म्हणाले, "पुरे, पुरे! दोघांची सही बास हाय!"

कचेरी बंद व्हायच्या आत सही झाली. साहेबांनी ताकीद दिली, ती इंगानं मान खाली घालून ऐकली. संध्याकाळच्या गाडीत नरसम्मानं बांधून दिलेली भाकरी ती सोलापूर सुटायच्या आधीच खाऊ लागली, डोळे पुसत पुसत. मुंबईच्या विमानतळावर तिच्या कागदाकडे कुणी धड पाहिलंही नाही. शिक्का पडला आणि ती आत गेली.

पुण्यात घराच्या वाटेवर तीन शेजाऱ्यांनी मला अडवून कुठे गेले होते, कुणाबरोबर, का, हे विचारून घेतलं. माझा ठावठिकाणा विचारत उद्या पोलीस आले तर ही मंडळी त्यांना चहासुद्धा न विचारता माझ्या दारात आणून उभं करतील, याबद्दल मला शंका उरली नाही.

काही दिवसांनी इंगाच्या भावाची तार आली. आई शुद्धीवर होती. इंगाचा हात तिनं धरून ठेवला होता.

हे नरसम्माला कळवायला हवं म्हणून मी पत्र लिहायला बसले. लिहून झालं आणि पाकीट हातात घेतल्यावर लक्षात आलं की मी तिचा पत्ता विचारलाच नव्हता. नुसतं नाव आणि गल्ली घातली असती, तरी खाकी कपड्यातला पोस्टमन पाहून त्या माणसांनी काय उत्तर दिलं असतं, ते मला ठाऊक होतं.

तार पर्समध्ये घातली आणि पुन्हा सोलापूरचं तिकीट काढलं.